वकीलबुवा आणि आमचा सुधीर

गणिताच्या डिपार्टमेंटमध्ये चार वर्षं काढा, किस्से आपोआप साठतात. आमचे बहुतेक एकाच माणसामुळे साठले. सतराव्या शतकातला एक फ्रेंच वकील, फावल्या वेळात गणित करायचा! न्यू जर्सीतले आम्ही तिघं-चौघं मराठी ग्रॅज्युएट स्टुडंट त्याला 'वकीलबुवा' म्हणायचो. एका प्रमेयाची सिद्धता सापडलीय, पण समासात मावत नाही, असं पुस्तकात लिहून बुवा गेले. ऐंशीचं दशक उजाडलं तरी ती कुणाला सापडेना. आमचा पुण्याचा सुधीर त्या प्रमेयाने पार झपाटलेला होता.

*

सुधीर ड्राइव्ह करताना पुढच्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचायचा. मूळ संख्येला चारने भागून एक उरला, की ती दोन वर्गांची बेरीज असतेच, हेही बुवांनीच सांगितलेलं. एकदा आयसेलिनच्या देशी दुकानांत भाजी आणायला निघालो होतो. "दोनशे एकोणतीस! पंधराचा वर्ग अधिक दोनचा!" एवढं होईपर्यंत आमची एक्झिट गेली. मग पुढची प्लेट, मग त्याच्या पुढची. भाजी शेवटी शेजारच्या राज्यात, पेन्सिल्व्हेनियात घेतली.

*

गावातल्या मंगलाकाकू दर रविवारी आम्हा पोरांना जेवायला बोलवायच्या. जेवण झालं की कॅरम, पैज चकल्यांच्या डब्याची. एकदा बर्फ वाढला म्हणून काकांनी डाव मध्येच थांबवला. आता डबा कुणाचा? अर्धवट डावाची वाटणी शक्यतेच्या हिशोबाने कशी करायची, हे बुवांनी एका मित्राला पत्रं लिहून केव्हाच सोडवलंय, असं म्हणत सुधीर पेपर नॅपकिनवर गणित मांडून बसला. उत्तर आलं, तेव्हा काकूंची छोटी नेहा शांतपणे म्हणाली, "सॉरी दादा, आय एट देम."

*

पण या वेडापायी सुधीरला कुणी गाइड मिळेना, यार! हे प्रमेय सोड, दुसरं काहीतरी घे, असं जो तो सांगायचा. सेमिस्टर संपेपर्यंत गाइड नाही, तर पीएचडी नाही. बॅग भरून थेट पुणे.

आणि एके दिवशी पठ्ठ्या धावत आला. सुटलं म्हणे! मी तर अक्षरशः नाचलो.

सेमिनारला खोली गच्च भरली. सुधीरने फळा काठोकाठ भरला. पहिल्या रांगेत डिपार्टमेंटमधले सगळ्यात खडूस म्हातारे प्रोफेसर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही ज्या संख्येने भागलंत, ती शून्य निघाली तर?"

शून्याने भागायचं नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. सुधीरने फळ्यावरची ती ओळ पुन्हा तपासली. मग "निघू शकते, सर," म्हणाला आणि स्वतःच सगळं पुसून टाकलं.

प्रोफेसर उठून त्याच्यापाशी गेले. "तुमच्या वयाचा असताना मीही इथेच भागलं होतं. मला ते कळायला अख्खा उन्हाळा लागला. उद्या माझ्या ऑफिसात किती वाजता याल?"

हातातलं डस्टर तसंच धरून सुधीर म्हणाला, "सर, आज आलो तर चालेल?"