दुसरं स्टूल

लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या कामाच्या बाकाशेजारचं स्टूल वहिनीचं. तो बॅटरीच्या पत्र्याच्या पट्ट्या जोडण्याची छोटी यंत्रं बनवी. दोन बॅटऱ्यांची वीज कपॅसिटरमध्ये साठवायची आणि एका दमात सोडायची, की पट्टी चिकटली! पण थोरली नणंद राहायला आली, त्या स्टुलावर बसली आणि बहीणभावाचं हसणं भिंतीपलीकडे ऐकू यायला लागलं. वहिनी सकाळी देवापुढे हात जोडून म्हणायची, “मन मोठं कर रे बाबा,” आणि चहाचे कप मात्र आपटून ठेवायची.

कपॅसिटर भरताना वाटेत विजेला आवर घालणारा रेझिस्टर चांगलाच तापे. नणंद म्हणाली होती, “इलाज नाही. बॅटरीतून निघतं त्यातलं अर्धं उष्णतेतच जातं.” वहिनीच्या पोटात दुखलं. इलाज नाही म्हणे!

दुपारी बाक मोकळा बघून तिनं रेझिस्टर काढला, जागी जाड तार लावली आणि दोन्ही बॅटऱ्या जोडल्या. ताडकन ठिणगी उडाली, बोटाला चटका बसला.

नणंद धावत आली. हसली नाही, हेच वहिनीला जास्त लागलं.

“अगं वहिनी, रेझिस्टर गेला म्हणून उष्णता थोडीच जाते? तारेत शिरते, बॅटरीत शिरते. तार कसलीही लाव, अर्धं जाणारच.”

“म्हणजे वन्सं, तुमचंच खरं!”

“एका झटक्यात भरलं तर. आधी एकाच बॅटरीवर भरू दे, मग दुसरी जोड. वाया जाणं निम्म्यावर येतं.” नणंदेनं स्टुलावर टेकून रेझिस्टर परत लावला आणि उठली. “बस. दोन्ही वेळा तूच जोड.”

वहिनीनं पहिली बॅटरी जोडली, थांबली, मग दुसरी. ठिणगी नाही, काही नाही.

तेवढ्यात नवरा आला. रेझिस्टरला बोट लावून म्हणाला, “अरे, आज कमी तापलाय! ताई, तुझंच डोकं ना?”

“हात हिचा आहे. आणि ती काळी झालेली तार माझी चूक, तिला बोलू नकोस.”

वहिनीनं भाजलेलं बोट पदराखाली घेतलं. बघा, चांगुलपणातही हीच पुढे! पण ती उठली नाही. स्टूल अजून नणंदेच्या बसण्यानं गरम होतं. तिथंच ती आणखी घट्ट बसून राहिली.