सुनंदाच्या प्लेटा

परवा बायकोनं चायनाग्रास उकळायला ठेवलं आणि त्या वासानं मला थेट नांदेडच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली.

एका डेअरीत दूध तपासायची एकच जागा होती आणि सर वर्गातून एकाचंच नाव देणार होते. मी मुरुडचा, सुनंदा नायगावची. चुरस आमच्या दोघांतच होती आणि नाव शेवटच्या प्रयोगावरून ठरणार होतं. आगरच्या, म्हणजे चायनाग्रासच्याच, थरावर जिवाणूंच्या रेघा ओढलेल्या प्लेटा रात्रभर सदतीस अंशावर इनक्युबेटरमध्ये ठेवायच्या होत्या, त्याही उपड्या. सुलट्या ठेवल्या तर झाकणाला धरलेलं पाणी खाली टपकतं आणि सगळी वाढ एकात एक मिसळते. सुनंदा बस गाठायच्या घाईत सुलट्याच ठेवून गेली.

इनक्युबेटरचं दार लावताना मला ते दिसलं. तशाच राहिल्या असत्या तर नोकरी माझी होती. पण सुलट्या प्लेटा मला बघवेनात. मी त्या उलटवल्या.

सकाळी तिच्या प्लेटांवर साबुदाण्यासारखे गोल, सुटे ठिपके उगवले होते. सर म्हणाले, “याला म्हणतात काम!” माझ्या प्लेटा बघून नुसतं, “ठीक हाय.”

“काय मुरुडकर, तोंड का पाडलंस?” सुनंदा हसली. “मी तर लई भ्याले होते, सुलट्या ठेवल्या की काय म्हणून.”

“न्हाई, उपड्याच होत्या,” मी म्हणालो.

कित्येक वर्षं वाटायचं, तिला नोकरी माझ्यामुळे लागली. पण माझ्याही प्लेटा रात्रभर उपड्याच होत्या. उपडं ठेवून फक्त पाणी टळतं. ठिपके तसे सुटे यायला रेघ ओढणारा हात लागतो. नोकरीचा हेवा कधीच सरला. त्या हाताचा अजून वाटतो.