खटक न झालेला फोटो

त्याला सगळे खटकराव म्हणायचे. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायला कोण थांबतंय? फोटो काढताना तो समोरच्याला एकच तंबी द्यायचा, "खटक होईपर्यंत हलायचं नाही. खटक झालं की मग खुशाल नाचा." लग्नातली माणसं असोत, शाळेतली पोरं असोत, नाहीतर ओळखपत्राच्या फोटोसाठी घाम पुसत बसलेला एखादा बापडा असो, सगळे कान टवकारून त्या खटकची वाट बघायचे. खटक झालं की खोलीभर सुटकेचा श्वास. अख्ख्या गावाला श्वास धरायला आणि सोडायला त्याने शिकवलं होतं म्हणा ना.

त्याच्या या शिकवणीला हात टेकायला लावणारा एकच माणूस होता, आणि तो निघाला त्याचाच बाप.

बाबा आयुष्यभर वेल्डर. फाटकं, जिने, टाक्या, शेडचे सांगाडे, काय म्हणाल ते जोडलं. आता वेल्डर म्हटला की डोळ्यांवर काळ्या काचेचं हेल्मेट हवं, हे सगळ्यांना ठाऊक. पण जोडाचा बारीकसा टाका मारायचा असला की हेल्मेट खाली ओढत बसतो कोण? रॉड नेमका टेकवायचा, डोळे गच्च मिटायचे आणि चट्ट आवाज ऐकायचा. टाका बसला. दिवसातून किती वेळा, आणि किती वर्षं! ती सवय हाडात मुरली. मग कुठेही खट्ट वाजलं की बाबांचे डोळे मिटलेच. दाराची कडी वाजली, मिटले. सुनेने डब्याचं झाकण लावलं, मिटले. आणि मुलाच्या कॅमेऱ्याचं खटक झालं, की मिटलेच मिटले.

बरं, मुलाच्या त्या जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्याची तऱ्हा अशी, की त्याच्या पोटात एक आरसा. बटण दाबलं की आधी तो आरसा फाडकन वर उचलला जाणार, त्याचाच तो आवाज, आणि मग पडदा उघडून फोटो निघणार. म्हणजे आवाज आधी, फोटो मागून. डोळा मिटायला तेवढा वेळ बक्कळ झाला. त्यामुळे मुलाने काढलेला बाबांचा एकही फोटो असा नव्हता, ज्यात त्यांचे डोळे उघडे आहेत. नातीला पहिल्यांदा हातात घेतलं, डोळे मिटलेले. कामावरून निवृत्त झाले, गळ्यात हार, डोळे मिटलेले. नात लहानपणी विचारायची, "आजोबा सगळीकडे झोपतात का?"

"फोनवर काढा की, त्याला कुठे आवाज असतो," असं बायको एकदा म्हणाली होती. त्यावर बाबा असे काही कडाडले! "फोटोवाल्याच्या बापाचा फोटो फोनवर? लोक तोंडात शेण घालतील." तो विषय तिथेच मिटला.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट होती, आणि नेलीही होती. पण हल्ली बाबा दोन पायऱ्या चढले की थांबून भिंतीला हात लावायचे. डॉक्टरांनी खटकरावाला बाजूला घेऊन सांगितलं, "हृदय थकलंय. या वयात कापाकापी नको. जपा, एवढंच." बाबांना न सांगताही कळलं. घरी येताना म्हणाले, "काळजी करू नको रे. मी गेल्यावर कुठलाही फोटो लाव. डोळे मिटलेलेच आहेत, वेगळा काढायला नको."

खटकराव त्या विनोदावर हसला नाही. त्याच्या दुकानात अशी माणसं नेहमी यायची. घरातलं कुणी गेलेलं असायचं, आणि हातात एखादा गर्दीचा फोटो. "यातून एवढा चेहरा वेगळा काढून द्या हो." खांद्यावरचा परका हात पुसून, मागचा पडदा बदलून तो चेहरा काढून द्यायचा. गावातल्या निम्म्या भिंतींवरची गेलेली माणसं त्याच्या हातची. आणि स्वतःच्या बापाचा एक धड फोटो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्याचं आणखी एक दुखणं होतं, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. लहानपणी तो शाळा सुटली की बाबांचा डबा घेऊन वर्कशॉपमध्ये जायचा. दारात पाऊल ठेवलं की आतून हाक यायची, "पाठ फिरव!" वेल्डिंगच्या उजेडाकडे पोराने बघू नये म्हणून. मग तो डबा छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. मागे चर्र आवाज सुरू झाला की समोरची काळी भिंत निळ्यापांढऱ्या उजेडाने न्हाऊन निघायची आणि तिच्यावर त्याची स्वतःची सावली नाचायची, एवढी मोठी, छतापर्यंत! काय तो उजेड! पोर श्वास घ्यायचं विसरायचं. पुढे फोटोच्या नादाला लागला तो त्या भिंतीपायीच. पण बाबांचा चेहरा? तो तिथे कायम हेल्मेटच्या आत. संध्याकाळी घरी यायचे ते लाल डोळ्यांनी, आणि डोळ्यांवर ओला फडका ठेवून आडवे व्हायचे. बापाने आपल्याकडे नीट बघितलंय, असं त्याला काही केल्या आठवायचं नाही.

असो. तर कॅमेरा.

जुना डीएसएलआर शाळेच्या फोटोच्या वेळी गेला. पुढे खुर्च्यांवर मास्तर लोक, मागे बाकांवर पोरांच्या रांगा. खटकरावाने तंबी दिली, डोळा लावला, बटण दाबलं. खट् झालं. क झालंच नाही. आरसा वर गेला तो वरच अडकला आणि आत सगळा काळोख. तो बटणं चिवडतोय, कॅमेऱ्याला चापट्या मारतोय, आणि समोर सगळी शाळा पुतळ्यासारखी उभी. खटक झालं नाही ना! हेडमास्तरांच्या नाकावर माशी बसली तरी गडी हलला नाही.

दुरुस्तीवाल्याने कॅमेरा उघडला, हुंगला, आणि मान हलवली. "याचे भाग आता मिळत नाहीत. खूप साथ दिली याने. सोडा आता."

"नवीन घ्या," बायको म्हणाली. दुकानाचं काउंटर ती सांभाळायची आणि नवऱ्यालाही. "आता ते बिनआरशाचे आलेत ना, सगळेच घेतात."

"आरसा नाही तर तो कॅमेरा कसला? आत म्हणे इवलासा टीव्ही असतो. आयुष्यभर खऱ्या माणसांकडे बघितलं, आता टीव्ही बघू?"

"नसू दे आरसा. घरातल्या आरशात तरी कुठे बघता? शर्टाची बटणं बघा आधी, वरखाली लागलीत."

कॅमेऱ्याच्या दुकानात ती बरोबर गेली, म्हणून घेणं झालं. दुकानदाराने एक मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा, पुढे ठेवला. "हा सगळ्या कामाचा. लग्न घ्या, शाळा घ्या, ओळखपत्र घ्या, नाही म्हणायचा नाही." खटकरावाने हातात घेतला तर खेळण्यासारखा हलका. दुकानदार पोपटासारखा बोलत होता. हे असं होतं, ते तसं होतं, झोपलेल्या बाळाजवळ असं करायचं. बायको नीट ऐकत होती. खटकरावाचं लक्ष मात्र बदल्यात द्यायला काउंटरवर ठेवलेल्या जुन्या कॅमेऱ्याकडे. त्याच्या मुठीचं रबर निघालं होतं, ते त्याने सायकलच्या ट्यूबचं लावलं होतं. म्हाताऱ्या बैलाला बाजारात सोडून निघाल्यासारखं त्याला झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत चहा पीत बसले होते. खिडकीतून तिरपं ऊन आत आलेलं. खटकराव नवा कॅमेरा घेऊन समोर बसला.

"बाबा, जरा बसा नीट. एक काढून बघतो."

बाबांनी कप खाली ठेवला, खुर्चीच्या हातांवर पंजे टेकले, मान ताठ केली. "हं. मार टाका."

त्याने डोळा लावला. आतला टीव्ही तसला टीव्ही नव्हता. बाबांच्या गालावरच्या ठिणग्यांच्या जुन्या खुणा, भुवईतला एकच लांब पांढरा केस, सगळं लख्ख. आणि एक इवलासा चौकोन आपणहून सरकत आला आणि बाबांच्या डोळ्यावर जाऊन बसला. बाबा हलले, तो हलला. अरे बापरे, याला कसं कळलं डोळा कुठाय ते? त्याने बटण दाबलं.

काही नाही. आवाज नाही, काळोख नाही, काही नाही. नुसती आतल्या चित्राच्या कडेची रेघ लुकलुकली.

"झाला का?" बाबांनी विचारलं. खटकची वाट बघत ते डोळे ताणून बसले होते.

"नाही हो. चालतच नाहीये." त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा. दाबून धरलं. रेघ नुसती लुकलुक लुकलुक.

"बटण दाब की."

"दाबतोय ना बाबा!"

"टोपण काढलंस का पुढचं?"

"टोपण नसतं तर तुम्ही दिसला असतात का... आपलं, असतं तर." त्याची जीभसुद्धा वळेना.

बाबा खो खो हसले. हसता हसता खोकले, खोकून पुन्हा हसले. "फसवलं रे तुला. आवाज न करता टाका बसतो होय कधी?"

खटकरावाला घाम फुटला. काल घेतलेला कॅमेरा, आणि पहिल्याच दिवशी बंद! पण डोळा काही त्याने काढला नाही, बोट बटणावरून हटेना. बाबांचं हसू हळूहळू ओसरलं. पोराचा जीव कासावीस झालाय हे त्यांच्या ध्यानात आलं. ते थोडे पुढे झुकले आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"केस किती पांढरे झाले रे तुझे," ते हळूच म्हणाले. "असू दे. होईल दुरुस्त. माझा फोटो नाही निघाला तर काय बिघडतंय? तू एवढा जीव टाकू नको."

"काय चाललंय बापलेकाचं?" बायको हात पुसत आली.

"नवाच बिघडलाय. बटण दाबलं तरी खटक होत नाही."

"कसं होईल? काल दुकानदाराने आवाज बंद करून दाखवला होता ना, झोपलेल्या बाळासाठी. तो तसाच राहिला असेल. तुम्ही ऐकता कुठे! आणा इकडे." तिने फोटो बघायचं मागचं बटण दाबलं. "अगंबाई," एवढंच म्हणाली, आणि कॅमेरा नवऱ्याच्या हातात ठेवला.

फोटो निघाले होते. सगळे निघाले होते. बाबा ताठ बसलेले, डोळे उघडे. बाबा वैतागलेले, डोळे उघडे. बाबा हसताना, डोळ्यांत पाणी, आणि डोळे उघडे. एकामागून एक, संपेनातच. शेवटच्यात ते पुढे झुकले होते आणि सरळ बघत होते. घारे डोळे होते बाबांचे. कडांना मधासारखे. पन्नाशी उलटली त्याची, आणि त्याला हे धड माहीत नव्हतं.

मग त्याला दुसरी गोष्ट उमगली. आजवर त्याने हजारो फोटो काढले, पण फोटो निघतो तो क्षण त्याने स्वतः कधी पाहिलाच नव्हता. आरसा वर जायचा, आत काळोख व्हायचा, आणि नेमकं तेवढंच त्याच्या डोळ्याआड व्हायचं. लोकांना दिलेलं सगळं त्याने मागाहूनच बघितलं. आज पहिल्यांदा काळोख झाला नव्हता. बाबांची ही नजर फोटोत होती ती होतीच, पण ती त्याने घडताना बघितली होती, आपल्या डोळ्यांनी, पुरती. ती त्याच्यासाठीच होती.

"आण बघू," बाबा म्हणाले. त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांत धरला, लांब नेला, जवळ आणला. मग म्हणाले, "बसला की रे टाका. आवाज न करता बसला." पडद्यावरच्या स्वतःच्या डोळ्याला त्यांनी अंगठा लावून बघितला. "कुठे बघतोय मी इतका?"

"माझ्याकडे," खटकराव म्हणाला. एवढा बाप्या माणूस, बायकोसमोर रडायचं कसं? तो चटकन उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. खिडकीतल्या उन्हाने भिंतीवर त्याची सावली पडली होती, खांदे हलत होते ते सावलीत दिसतच होते.

मागे खुर्ची करकरली. बाबा भिंतीला हात लावत, थांबत, उठून त्याच्यापाशी आले.

"पाठ कशाला फिरवतोस आता?" ते म्हणाले. "इकडे बघ."