चौदा नंबरच्या फाटकावरची बर्नाडीन

बर्नाडीन मायेव्स्की एकतीस वर्षं स्टर्जन संघाच्या बेसबॉल मैदानावर चौदा नंबरच्या फाटकाशी उभी राहून लोकांना जागा दाखवायची. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाला ऊन सोसत नाही, सगळं तिला तोंडपाठ. नवऱ्याला पुरून आठवडा झाला नाही तोच ती कामावर आली होती. घरी बसून भिंतींशी काय बोलू, म्हणाली.

त्या वर्षी संघाच्या मालकानं शहराला बजावलं: सरकारी पैशानं नवं स्टेडियम बांधून द्या, नाहीतर संघ दूर टेनेसी राज्यात हलवतो. त्यासाठी विक्रीकर वाढवायचा का, यावर नगरपालिकेत जाहीर सुनावणी लागली. व्यवस्थापनानं सगळ्या कामगारांना नवी निळी जॅकेटं चढवून बसनं तिथं नेलं. बोलायला बर्नाडीनला उभं केलं, कारण तिला न ओळखणारा माणूस त्या गावात विरळाच. काय बोलायचं तो कागदही हातात दिला.

माइकसमोर तिनं कागद घडी घालून खिशात टाकला.

"या संघावर माझा जीव आहे," ती म्हणाली. "पण आमच्या वॉर्डातलं वाचनालय पैशाअभावी आठवड्यातून दोनच दिवस उघडतं. मालकांना नवं घर हवंय ना, मग त्यांनी ते आपल्या खिशातून बांधावं. आम्ही सगळे तसंच बांधतो."

आणि ती जाऊन निळ्या जॅकेटांच्या रांगेत बसली.

करवाढीचा ठराव दोन मतांनी पडला आणि हिवाळ्यात संघ खरंच गेला. लोकांनी खापर तिच्यावर फोडलं. चर्चमध्ये शेजारीण उठून दुसऱ्या बाकावर बसली. तिच्या फाटकाशी सॉसेज विकणाऱ्या ओटो ह्रुबीनं बोलणंच टाकलं. त्याचा धंदा बुडाला होता. त्याच्यावर रागावणं तिला जमेना.

मे महिन्यात तीच पिरोगीचं, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचं, भांडं घेऊन त्याच्या दारी गेली. ओसरीवर रेडिओ चालू होता. टेनेसीहून स्टर्जनचाच सामना.

"संघ तूच घालवलास, आणि आता ऐकायला आलीस?" ओटो म्हणाला.

"भांडण मालकाशी होतं रे. खेळणाऱ्या पोरांशी कसलं?"

ओटोनं रेडिओचा आवाज जरा वाढवला. मग पायानंच दुसरी खुर्ची पुढे सरकवली. गोलंदाज मार खात होता. वर्णन ऐकून, चेंडू टाकताना त्याचा खांदा खाली पडतोय, असं ओटोचं म्हणणं. बर्नाडीनच्या मते पाऊलच चुकत होतं. वाद मिटेना, तोवर पिरोगी गार होऊन गेले.