शेवटचा वाटा

माझ्या चुलतभावाला मी कधी रागावलेलं पाहिलं नाही आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. लहानपणी त्याच्या ताटातला मासा माझ्यापेक्षा मोठा असायचा, निदान मला तसा दिसायचा. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. तिच्यावर दरड आली, माणसं वाचली, घरं गेली. त्या दरडीनेही त्याची म्हैस सोडून नेमकी माझी नेली.

खाली रस्त्यालगत सरकारने जागा दिली. उतारावर ओळींनी घरं व्हायची होती, पहिली ओळ रस्त्याला लागून आणि शेवटची पार वर, पायऱ्या चढून. मला खालचं घर हवं होतं. आईचे गुडघे गेलेले, दवाखाना महाडला. दारात रिक्षा लागली तरच तिचं निभणार होतं.

गावकी बसली. कंत्राटदाराने खाऊ नये म्हणून कामावर वाडीचा एक माणूस उभा करायचा होता. सगळ्यांनी चुलतभावाचं नाव घेतलं आणि माझ्या पोटात दुखलं. मी उठलोच. "मी मुंबईत बांधकामावर मुकादम व्हतो. ह्याला रेतीतलं काय कळतंय?"

तो हसला. "खरं हाय. ह्यालाच ठेवा."

एक म्हातारे म्हणाले, "मग बकऱ्याच्या वाट्यासारखंच करू. घरं बांधून झाल्याव चिठ्ठ्या काढू. आनि वाटे पाडनारा शेवटी उचलंल."

देवाच्या बकऱ्याचे वाटे आमच्याकडे असेच होतात. वाटे पाडणाऱ्याला उरलेला मिळतो, म्हणून तो सगळे सारखे पाडतो. इथे वाटे पाडणारा मी होतो. मी मान डोलावली. माझं लक्ष म्हाताऱ्याकडे नव्हतंच, चुलतभावाचं तोंड कधी उतरतंय ते मी बघत होतो. ते उतरेना, म्हणून मीच आणखी एक अट घातली: चिठ्ठी निघाल्यावर कुणी कुणाशी घर बदलायचं नाही. गोड बोलून चांगलं घर पदरात पाडून घेणं याला सहज जमलं असतं. अट सगळ्यांना पटली.

काम सुरू झालं. कंत्राटदाराचा माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, तुमचं घर कुठलं तेवढं सांगा. त्याला लोखंड जास्त टाकतो."

"मलाच ठावं नाय," मी म्हणालो. त्याने सगळ्या घरांच्या पायांवरून एकदा नजर फिरवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

चुलतभाऊ रोज यायचा. गवंड्यांना तंबाखू द्यायचा, ते त्याच्याशी हसून बोलायचे. माझ्याशी कुणी हसत नसे. माझी एखादी चूक याच्या हाती लागेल, या धास्तीने मी माती मिसळलेली रेती घेऊन आलेला ट्रक तसाच परत धाडला, स्लॅबवर पाणी मारायला स्वतः चढलो. तो नसता तर मी इतका कडक राहिलो असतो की नाही, देव जाणे. घरं मात्र सगळी खणखणीत झाली.

चिठ्ठ्या निघाल्या. त्याला रस्त्यालगतचं पहिलं घर लागलं. माझ्यासाठी उरलं ते सगळ्यात वरचं.

तो लगेच म्हणाला, "काकीसाठी आपन बदलून घेऊ." माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. "अट कुनी घातली व्हती रे?"

मग तोच म्हणाला, "घरं नका बदलू. काकी माझ्याकडं ऱ्हाईल. त्याला तर अट नाय ना?"

सगळी गावकी खूश झाली. मला त्याचा गळा धरावासा वाटला.

आता आई त्याच्या ओटीवर बसते. येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलते, त्याच्या बायकोच्या हातच्या सुकटीचं माझ्याच तोंडावर कौतुक करते. मी रोज पायऱ्या उतरून पाहुण्यासारखा तिला भेटायला जातो. माझं घर तिने अजून पाहिलेलं नाही.

परवा तिने भिंतीवरून हात फिरवला. "बेस घर हाय रे ह्याचं. एक चीर नाय कुठं. तुझं कसं हाय?"

"असंच," मी म्हणालो. "अगदी असंच हाय."