अत्तर लावणाऱ्या काकू

काकूंनी एकदा हात धरला की तो लवकर सुटत नसे. जबलपूरच्या रांझी भागातल्या आम्हा मराठी घरांत संक्रांतीचं हळदीकुंकू असलं की अत्तरदाणी त्यांच्याच ताब्यात. दुसरी कोणी असती तर हाताला अत्तराचं बोट लावून मोकळी झाली असती. काकू मात्र समोरचीचा हात आपल्या हातात घेऊन सावकाश अत्तर चोळायच्या आणि चोळता चोळता तिच्या तोंडाकडे निरखून बघायच्या. मागे बायका खोळंबायच्या. "काकू, अत्तर लावताय की नाडी बघताय?" असं कोणी चिडवलं की म्हणायच्या, "दोन्ही वो. फुकटात."

काका गेल्यापासून त्यांनी कुंकवाचं तबक हातात घेतलं नव्हतं. नको म्हणायची कोणाची छाती नव्हती, पण त्यांनी स्वतःच अत्तरदाणी उचलली. "कुंकवाले नावं ठेवतात लोकं. अत्तराले कोण ठेवते?" एवढंच म्हणाल्या.

माझा हात त्यांनी धरला, तेव्हा बँकेच्या बदलीवर मी साताऱ्याहून जबलपूरला येऊन वर्ष होत आलं होतं. चोळता चोळता त्या थांबल्या. "काहून वो, इतका गार?"

"थंडी आहे ना, काकू."

"थंडी सगळ्याईले आहे. तुलेच काहून जास्त?"

मला एकदम रडू फुटलं. कितीतरी महिने सकाळी उठणं जिवावर येत होतं. केस मुठीनं गळत होते. मॅनेजरसमोर बोलायला लागले की वाक्याचा शेवट सापडायचा नाही. थायरॉइडची तपासणी पुन्हा पुन्हा केली आणि दर वेळी रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. सासूबाई फोनवर म्हणाल्या, माणसानं कामात राहावं, म्हणजे असलं काही सुचत नाही. संदीप, माझा नवरा, वाईट माणूस नाही, पण रिपोर्ट वाचून तो सुटल्यासारखा हसला आणि म्हणाला, "बघ, काही झालेलं नाही तुला." त्या दिवसापासून मला खरी भीती वाटायला लागली. शरीरात काही नसेल, तर मग मी वेडी होत चालले होते. नोकरी सोडायचं मनानं घेतलं होतं.

काकूंनी ते सगळं ऐकलं, मध्ये एकदाही 'होतं असं' म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कागद नॉर्मल आहे, समजलं. तू कुठं आहे?"

त्या स्वतः यातून गेल्या होत्या. जबलपूरजवळच्या पाटणला सासरी त्यांना ऐदी म्हणत. सासूनं लिंबं उतरवली, अंगारे लावले. "पण यायनं एकदाही म्हटलं नाही का तुले काही नाही झालं," काकांबद्दल त्या सांगत. "थायरॉइडचा पत्ता लागेपर्यंत सायकलवर बसवून डॉक्टर-डॉक्टर फिरवलं. म्हणून जिती आहे." तेव्हापासून कोणी बाई 'अंगात जीवच नाही' म्हणाली की काकू तिच्यासोबत दवाखान्यात जाऊन बसायच्या. डॉक्टरांसमोर बाईची वाचा बसली की कोपरानं ढोसायच्या.

त्यांचा एकच नियम होता: घरात जे जे तोंडात टाकतो, ते सगळं पिशवीत भरून न्यायचं. मी माझी पिशवी भरली, तर स्वतः घरात शिरून तपासणी. बेसिनवरच्या फळीवरची डबी त्यांनी उचलली. "हे काय होय?"

"केसांच्या गोळ्या. जाहिरात बघून मागवल्या. ते काही औषध नाही, काकू."

"गिळते न? मंग भर."

सिव्हिल लाइन्समधल्या डॉक्टरीणबाईंनी पिशवी टेबलावर उपडी केली आणि नेमकी तीच डबी हातात धरली. "ये कब से खा रही हैं आप?" केस गळायला लागल्यापासून, मी म्हटलं. त्यांनी समजावून सांगितलं, यात बायोटिन भरपूर आहे आणि त्यानं थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात. बिघाड असला तरी रिपोर्ट चांगला दिसू शकतो. गोळ्या बंद करायच्या, थोडे दिवस थांबायचं आणि पुन्हा रक्त द्यायचं. काकू म्हणाल्या, "तब तक इसको पागल मत बोलना, डॉक्टर जी." डॉक्टर हसल्या. मला हसू आलं नाही.

ते दिवस कसे काढले माझं मला ठाऊक. रिपोर्ट वाईट निघू दे म्हणून देवापुढे हात जोडणारी मी एकटीच असेन. हाही नॉर्मल आला, तर राजीनामा द्यायचा हे ठरलेलं होतं. रिपोर्ट आणायला काकू आमच्याबरोबर आल्या आणि सगळा वेळ माझा हात धरून बाकावर बसल्या.

थायरॉइडचं काम पार मंदावलेलं निघालं. मी लॅबच्या खिडकीसमोरच आनंदानं हमसून हमसून रडले. लोक बघत होते. संदीप कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिला. काकूंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. "कागद राहू द्या आता, जावई. हात पाहा हिचा." त्यानं पाहिला.

गोळी सुरू झाली. एका दिवसात काही झालं नाही, पण हळूहळू अंगात ऊब आली आणि माझी वाक्यं शेवटाला जायला लागली.

पुढच्या संक्रांतीनंतर काकू कायमच्या रायपूरला, मुलाकडे निघाल्या होत्या. त्या हळदीकुंकवाला मी त्यांच्या हातातून अत्तरदाणी काढून घेतली. सगळ्यांना अत्तर लावणाऱ्या या बाईला कोणी अत्तर लावलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला. मी ओढून धरला. दुपारच्या उन्हातही तो गारढोण होता. डोळ्यांखालची सूजही मला तेव्हाच दिसली.

"काकू, गोळी घेताय ना?"

"घेते वो. राहून जाते कधी कधी." त्या दुसरीकडे बघायला लागल्या. "हे होते तं सकाळी उठल्याबरोबर हातावर ठेवत. आता कोण विचारते? काही नाही झालं मले."

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. मागे बायका खोळंबल्या होत्या. मी हात सोडला नाही. "पिशवी भरून ठेवा," म्हटलं, "उद्या मी येते." रायपूरचं तिकीट रद्द करायला लावलं आणि डॉक्टरीणबाईंनी डोस ठरवून दिल्यावरच त्यांना गाडीत बसवलं.

आता रोज सकाळी मी रायपूरला फोन लावते. काकू हॅलो म्हणत नाहीत, कशी आहेस विचारत नाहीत. फोन उचलतात आणि म्हणतात, "गिळली वो."