‘हे कुणाचं?’ विचारणाऱ्या बाई

आमच्या बाईंना एका प्रश्नाची भयंकर चीड होती, आणि दिवसभर त्या तोच प्रश्न विचारत असत. ओतूरच्या कॉलेजात त्या आम्हाला कॉम्प्युटर शिकवायच्या. मोबाइलवर आलेली कुठलीही लिंक त्यांच्यासमोर धरा, त्या ती उघडायच्या नाहीत. आधी कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडायच्या, तिच्यात ‘हूइज’ ही आज्ञा टाइप करून पुढे त्या वेबसाइटचा पत्ता घालायच्या आणि एंटर दाबत म्हणायच्या, “हे कुणाचं, ते कळू दे आधी!” वर्गात त्यांचं नावच ‘कुणाचं-बाई’ पडलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

चीड होती ती माणसांना विचारल्या जाणाऱ्या ‘कुणाचं’ची. आमच्याकडे पावणा उंबऱ्यात आला, की पाण्याच्या तांब्यासोबत ‘कुणाचा रं तू?’ येतंच. लोक त्याला जिव्हाळा म्हणतात. असेल बापडा जिव्हाळा! पण बाई महाळुंगे पडवळच्या, आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. त्या प्रश्नामागचा खरा प्रश्न त्यांना लहानपणापासून ऐकू यायचा. कॉलेजातल्या पहिल्याच दिवशी आडनाव विचारून झालं, गाव विचारून झालं, तरी आमच्या हेडक्लार्क भाऊसाहेबांचं समाधान होईना. “तसं न्हाई मॅडम, तुमी नेमक्या कुणापैकी?” बाईंनी सांगून टाकलं. त्यांचा चहाचा कप कुणी वेगळा ठेवला नाही, तेवढी अक्कल आता लोकांना आली आहे. वेगळा पडला तो त्यांचा शब्द. त्या काही बोलल्या, की ऑफिसात माना हलायच्या आणि काम दुसऱ्याच्या सांगण्याने व्हायचं. हे सगळं त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून.

शिकवताना मात्र त्या रंगून जायच्या. काळ्या खिडकीत भराभरा ओळी उतरायच्या आणि बाई बोट ठेवून दाखवायच्या. हा पत्ता कधी घेतला, कुणाकडून घेतला, मुदत कधी संपते. मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असायचं. आम्ही हिरमुसलो, की म्हणायच्या, “नाव झाकू द्या. जन्मतारीख झाकता येत न्हाई.” मग दुसरी आज्ञा देऊन त्या पत्त्यामागचा आकडा काढायच्या, आणि तो आकडा पुन्हा हूइजला विचारून ती वेबसाइट कोणत्या कंपनीच्या यंत्रावर बसली आहे ते दाखवायच्या. वर ठरलेलं वाक्य यायचं, “ह्यो प्रश्न पत्त्याला इचारायचा पोरींनो, माणसाला न्हाई.”

आमच्या शेवटच्या वर्षी भाऊसाहेबांनी वर्गाच्या ग्रुपवर शिष्यवृत्तीच्या अर्जाची लिंक टाकली. बाईंनी ती हूइजला दिली आणि तडक ऑफिसात गेल्या. मी हजेरीपट घेऊन त्यांच्या मागेच होते.

“भाऊसाहेब, ही वेबसाइट सरकारी न्हाई. मागच्या आठवड्यात जन्मलीय. पोरांना थांबवा.”

भाऊसाहेब हसले. “अवो मॅडम, आपल्या तालुक्याच्या ग्रुपवर आलीय. टाकणारा आपला घरचा माणूस हाय. त्याच्या आज्याला वळखतो मी.”

बघा! लिंक कुणाची, हे विचारायचंच नाही. ती धाडणाऱ्याचा आजा ओळखीचा, म्हणून लिंक खरी. आणि बाईंचा आजाही ठाऊक झालेला, म्हणून बाई खोट्या. बाईंनी वर्गात येऊन फळ्यावर खरा पत्ता लिहिला. आम्ही काही जणींनी तिथं अर्ज भरले. पण ऑफिसचं ऐकणारेच जास्त होते. माझ्या शेजारी बसणारी निमगाव साव्याची सुरेखा त्यातलीच. खऱ्या अर्जाची मुदत उलटून गेल्यावर तिला कळलं, की आपली कागदपत्रं कुणा भलत्याच्याच हाती पडली. शिष्यवृत्ती गेली, तिचं शिक्षणही तिथंच थांबलं.

पालक चिडून कॉलेजात आले. कुणावर तरी ढकलणं भाग होतं. भाऊसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “त्या काळ्या पडद्यावर मॅडम काय काय टाइप करीत्यात, द्येव जाणे. मला तवाच संशय आलता.” म्हणजे जिनं चोर दाखवला, तीच चोर! प्राचार्यांनी चौकशीसुद्धा केली नाही. बाई तासिका तत्त्वावर होत्या, दरवर्षी नव्याने बोलावलं तरच काम. पुढच्या वर्षी बोलावणार नाही, असं त्यांना आमच्या परीक्षेआधीच सांगितलं, संपलं. आम्ही मुली बाईंना ठेवा म्हणून प्राचार्यांकडे अर्ज घेऊन गेलो, तर ‘तुम्ही अभ्यासाकडे लक्ष द्या’ म्हणाले. जाताना एसटी स्टँडवर बाई मला एवढंच म्हणाल्या, “आपण इचारणं सोडायचं न्हाई.”

आता त्या मंचरला क्लास घेतात. माझं ओतूरच्या स्टँडजवळ ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. परवा भाऊसाहेब आले. निवृत्त झालेत, थकलेत. पेन्शनसाठी कसलीशी लिंक आली होती, तिथं सगळी माहिती भरून द्यायची होती. त्यांनी मला ओळखलं नाही. मी काळी खिडकी उघडली आणि पत्ता टाइप करू लागले.

“लई हुशार दिसतीस,” ते खुर्चीत टेकत म्हणाले. “कुणाची गं तू?”

“कुणाचं-बाईंची,” मी म्हणाले आणि एंटर दाबलं.